डायना एडुल्जी : भारताकडून सर्वाधिक कसोटी विकेट्स घेणारी बाई, जिने पोरींसाठी रेल्वेचा दरवाजा उघडला

पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला पश्चिम रेल्वे म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. सकाळची गाडी चुकली की अख्खा दिवस चुकतो. आणि घरातलं कुणी "रेल्वेत लागलं" की वाड्यात पेढे वाटले जातात. पगार वेळेवर, पास, दवाखाना, पेन्शन. सरकारी नोकरीतही रेल्वेची नोकरी म्हणजे वेगळा मान.

पण याच रेल्वेच्या नोकरीने भारतातलं महिला क्रिकेट जिवंत ठेवलं, असं सांगितलं तर?

आज वुमन्स प्रीमियर लीगमध्ये मुलींवर कोट्यवधींची बोली लागते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या टीमने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वनडेचा वर्ल्ड कप उचलला, तेव्हा सगळा देश रात्री जागा होता. पण त्याआधी जवळपास चाळीस वर्षं अशी होती, की भारताकडून खेळणाऱ्या पोरीला मॅचमधून घर चालवण्याइतके पैसे मिळत नव्हते. मग त्या खेळत कशा राहिल्या?

या प्रश्नाच्या उत्तरात एक नाव वारंवार येतं. डायना एडुल्जी. डावखुरी स्पिनर, भारताची कॅप्टन आणि पश्चिम रेल्वेची क्रीडा अधिकारी.

सगळं सुरू झालं ते पुण्यातून

डायना यांची गोष्ट समजून घ्यायची तर आधी तो काळ समजून घ्यायला हवा.

१९७३ साली महेंद्रकुमार शर्मा यांनी लखनौमध्ये वुमन्स क्रिकेट असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना नोंदवली. बीसीसीआयचा तिच्याशी काही संबंध नव्हता. बीसीसीआय पुरुषांचं क्रिकेट बघायची आणि मुलींचं क्रिकेट ही संघटना जमेल तसं बघायची.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, ती आपल्या पुण्यात. टीम किती होत्या? फक्त तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे तीनपैकी दोन टीम आपल्याच राज्यातल्या. वर्षाच्या शेवटी वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा टीम आठ झाल्या आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेत चौदा. पोरींना खेळायचं होतं, फक्त कुणी मैदान उघडून द्यायला हवं होतं.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाची २५ वर्षांखालील टीम भारतात आली. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता अशा तीन ठिकाणी सामने झाले आणि तिन्ही ठिकाणी भारताची कॅप्टन वेगळी होती.

खेळ वाढत होता, पण पैसा नव्हता. खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून, मिळेल त्या जागेवर बसून प्रवास करायच्या. मुक्काम बहुतेक वेळा शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या हॉलमध्ये. बॅट आणि पॅड आपापसांत वाटून वापरायचे. १९८२ चा वर्ल्ड कप न्यूझीलंडमध्ये होता. त्यासाठी प्रत्येकीला दहा हजार रुपये स्वतः उभे करायला सांगितलं होतं, हे त्या काळातल्या खेळाडूंनी पुढे सांगितलं आहे. त्या काळात दहा हजार म्हणजे साध्या नोकरदार घराच्या आवाक्याबाहेरची रक्कम. देशाकडून खेळायचं आणि त्यासाठी पैसे आपणच भरायचे!

रेल्वे कॉलनीतली पोरगी

डायना यांचा जन्म २६ जानेवारी १९५६ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. घर रेल्वे कॉलनीत. कॉलनीत पोरं टेनिस बॉलने क्रिकेट खेळायची, त्यांच्यात ही मुलगीही उतरायची.

सुरुवातीला क्रिकेट हाच एक खेळ नव्हता. बास्केटबॉल आणि टेबल टेनिस या दोन खेळांत त्या ज्युनियर राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचल्या होत्या. पुढे मुंबईत मुलींचं क्रिकेट सुरू झालं. माजी कसोटीपटू लाला अमरनाथ यांच्या शिबिरात डायना यांच्या गोलंदाजीला आकार आला.

बरं, घरात एकट्या डायनाच नव्हत्या. त्यांची बहीण बेहरोज याही भारताकडून १९७६ मध्ये एक कसोटी खेळल्या.

डायना यांची गोलंदाजी म्हणजे डावखुरी संथ फिरकी. त्यात वेगाचा धाक नसतो. एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहायचा, बॅटरला कंटाळा आणायचा आणि तिच्याकडून चूक करून घ्यायची. हे काम एका दिवसात जमत नाही. त्याला सराव लागतो, सरावाला वेळ लागतो आणि वेळ काढायला पोट भरलेलं असावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१५ वर्षं आणि फक्त २१ कसोट्या

३१ ऑक्टोबर १९७६. बंगळुरूमध्ये भारताच्या महिलांची पहिली अधिकृत कसोटी सुरू झाली, समोर वेस्ट इंडिज. कॅप्टन होत्या शांता रंगास्वामी. डायना या सामन्यात होत्या. पुण्याच्या लेगस्पिनर शुभांगी कुलकर्णीही याच मालिकेतून पुढे आल्या. त्याच नोव्हेंबरमध्ये पाटण्याला भारताने वेस्ट इंडिजला पाच विकेट्सनी हरवलं. भारतीय महिला संघाचा तो पहिला कसोटी विजय.

जानेवारी १९७८ मध्ये वर्ल्ड कप भारतात झाला. चार देश होते आणि भारताची ही पहिलीच वनडे स्पर्धा. कॅप्टन डायना एडुल्जी, वय बावीस पूर्ण व्हायला अजून काही दिवस बाकी. पहिला सामना १ जानेवारीला ईडन गार्डन्सवर इंग्लंडविरुद्ध. भारत तिन्ही सामने हरला. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या पोरी कित्येक वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळत होत्या, आपल्या पोरी वनडे पहिल्यांदा खेळत होत्या. निकाल काय लागणार हे उघड होतं.

आता जरा कसोट्यांचा हिशोब मांडू.

१९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध सहा कसोट्या झाल्या. १९७७ च्या सुरुवातीला न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात एकेक. त्यानंतर पुढची कसोटी कधी? थेट १९८४ मध्ये. मधली सात वर्षं एकही कसोटी नाही. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार, १९८५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध तीन, १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये तीन. मग पुन्हा शांतता. १९८८ च्या वर्ल्ड कपला भारत गेलाच नाही. त्यानंतर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात तीन कसोट्या.

एकूण बेरीज २१. पंधरा वर्षांत एकवीस कसोट्या. यातल्या वीस कसोट्यांत डायना एडुल्जी होत्या.

त्या वीस कसोट्यांत त्यांनी ६३ विकेट्स घेतल्या. एका डावातली सर्वोत्तम कामगिरी ६४ धावांत ६ बळी. महिला कसोटीत भारताकडून सर्वाधिक विकेट्सचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. दुसऱ्या नंबरवर शुभांगी कुलकर्णी, ६० विकेट्स. म्हणजे या यादीत पहिल्या दोघी मुंबई-पुण्याच्या. वनडेत डायना यांनी ३४ सामन्यांत ४६ विकेट्स घेतल्या. १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या वर्ल्ड कपला त्या पुन्हा कॅप्टन होत्या, तेव्हा वय ३७. तिथेच त्यांनी थांबायचं ठरवलं.

आता ती सात वर्षं पुन्हा डोळ्यासमोर आणा. एखाद्या बॉलरचं वय २१ ते २८ म्हणजे ऐन उमेदीचा काळ. या काळात कसोटीच नाही. मॅच फीचा प्रश्नच नाही. जाहिराती नाहीत, टीव्ही नाही. अशा वेळी ती मुलगी रोज मैदानावर जाऊन चेंडू का टाकेल? आणि घरचे तिला जाऊ का देतील?

इथेच नोकरी येते.

रेल्वेचा दरवाजा उघडला तो असा

भारतात खेळाडूला नोकरी देण्याची पद्धत जुनी आहे. रेल्वेचं क्रीडा मंडळ, म्हणजे रेल्वे स्पोर्ट्स प्रमोशन बोर्ड, १९२८ पासून आहे. हॉकी, ॲथलेटिक्स, कुस्ती, कबड्डी अशा खेळांतले असंख्य खेळाडू रेल्वेच्या पगारावर खेळले. पी. टी. उषा रेल्वेतल्याच. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातला नेमबाज स्वप्नील कुसाळे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक जिंकलं तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता.

पण महिला क्रिकेटपटूंचं काय? हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, एशियाडमध्ये नाही, बीसीसीआयच्या खाली नाही. मग त्याला खेळाडूंच्या कोट्यात बसवायचं तरी कसं?

डायना स्वतः पश्चिम रेल्वेत होत्या. त्यांनी हा प्रश्न वरपर्यंत लावून धरला. १९८० च्या दशकात रेल्वे राज्यमंत्री होते माधवराव शिंदे, ज्यांना स्वतःला क्रिकेटचं वेड होतं. त्या काळात रेल्वेने महिला क्रिकेटपटूंना खेळाडू म्हणून भरती करायला सुरुवात केली आणि रेल्वेची महिला टीम उभी राहिली.

ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. पण त्याचा अर्थ काय होता ते बघा.

खेळाडूंच्या कोट्यातून लागलेली मुलगी कागदोपत्री क्लार्क असते नाहीतर तिकीट तपासनीस. पण सराव शिबिर आणि स्पर्धेसाठी तिला ऑफिसमधून सोडलं जातं. ती महिनाभर बाहेर खेळत असली तरी पगार चालू. प्रवासाला पास. दुखापत झाली तर रेल्वेचा दवाखाना. चांगली कामगिरी केली तर बढती. आणि खेळणं थांबल्यावरही नोकरी चालूच, साठाव्या वर्षापर्यंत.

म्हणजे घरच्यांचा जो पहिला प्रश्न असतो, "खेळून पुढे काय करणार?", त्याचं एका कागदावरचं उत्तर मिळालं. लग्नाच्या बोलणीतसुद्धा "मुलगी क्रिकेट खेळते" आणि "मुलगी रेल्वेत आहे" या दोन वाक्यांत केवढा फरक पडतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही घराला कळेल.

परिणाम मैदानावर दिसला. देशभरातल्या चांगल्या पोरी रेल्वेकडे येऊ लागल्या. बीसीसीआयने २००६-०७ पासून महिलांची राष्ट्रीय वनडे स्पर्धा घ्यायला सुरुवात केल्यावर तिची बहुतेक विजेतेपदं रेल्वेने नेली. मिताली राज रेल्वेतली. मुंबईची पूनम राऊत रेल्वेकडून खेळली. २०२५ च्या वर्ल्ड कप टीममधल्या प्रतिका रावल, स्नेह राणा आणि रेणुका सिंग ठाकूर याही रेल्वेच्याच कर्मचारी.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. सगळ्या चांगल्या खेळाडू एकाच टीमकडे गेल्या की राज्यांच्या टीम कमकुवत होतात. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, पंजाब यांनी तयार केलेल्या पोरी मोठ्या झाल्या की रेल्वेच्या जर्सीत दिसायच्या. पण यात दोष पोरींचा नाही. ज्याच्याकडे पगार होता, त्याच्याकडे त्या गेल्या.

हरमनप्रीत मुंबईत कशी आली?

या कामाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे हरमनप्रीत कौर.

पंजाबातल्या मोगा गावची ही मुलगी आधी उत्तर रेल्वेत खालच्या पदावर होती. डायना यांना तिला पश्चिम रेल्वेत, मुंबईत, वरच्या पदावर आणायचं होतं. प्रस्ताव दिल्लीला गेला आणि तिथून नकार आला. तेव्हा डायना यांनी सचिन तेंडुलकरला गाठलं. सचिन त्या वेळी राज्यसभेचा खासदार होता. त्याने रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि काम झालं. हा किस्सा डायना यांनीच पुढे सांगितला.

२० जुलै २०१७ ला डर्बीमध्ये वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला हरमनप्रीतने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११५ चेंडूंत नाबाद १७१ धावा ठोकल्या. भारतातल्या लाखो लोकांनी महिला क्रिकेटची मॅच पहिल्यांदा नीट बघितली ती त्या दिवशी. तेव्हा ती मुंबईत पश्चिम रेल्वेच्या नोकरीत होती. ज्या रेल्वेच्या गाड्या बोईसरला थांबतात, त्याच रेल्वेच्या नोकरीत.

लॉर्ड्सवरचा तो किस्सा

डायना एडुल्जी म्हटलं की एक किस्सा हमखास निघतो.

१९८६ मध्ये भारतीय महिला संघ पहिल्यांदा इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. हाच तो दौरा, ज्यात संध्या अग्रवालने वूस्टरला १९० धावा करून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. या दौऱ्यात डायना यांना लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. कारण एकच, त्या बाई होत्या. लॉर्ड्सचं मैदान एमसीसी या क्लबचं आहे आणि क्लबचा नियमच तसा होता.

डायना यांनी काय म्हणावं? त्या म्हणाल्या, एमसीसीने आपलं नाव बदलून एमसीपी करावं. यातला शेवटचा शब्द डुकरांसाठीचा आणि आधीचे दोन पुरुषी अहंकारासाठीचे. इंग्लंडमध्ये जाऊन इंग्रजांच्याच भाषेत लगावलेला टोला होता तो.

एमसीसीने महिलांना सदस्यत्व देण्याच्या बाजूने मतदान केलं ते १९९८ मध्ये. म्हणजे त्यानंतर बारा वर्षांनी. आणि २३ जुलै २०१७ ला त्याच लॉर्ड्सवर भारताच्या पोरी वर्ल्ड कपची फायनल खेळल्या. फक्त नऊ धावांनी हरल्या, पण स्टेडियम भरलेलं होतं.

हा प्रश्न फक्त भारताचा आहे का?

तुम्ही म्हणाल, गरीब देश होता, म्हणून पोरींवर अशी वेळ आली. तर तसंही नाही.

फिनलंड घ्या. श्रीमंत देश, आणि तिथे आइस हॉकी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. या देशाची सगळ्यात मोठी महिला खेळाडू म्हणजे रिक्का सॅलिनेन. जन्म १९७३ चा. १९९८ मध्ये जपानच्या नागानो इथे महिलांची आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, तेव्हा स्पर्धेत सर्वाधिक गुण तिचे होते आणि फिनलंडला कांस्य मिळालं. पुढे ती २००३ मध्ये थांबली, दहा वर्षांनी परत आली आणि २०१८ मध्ये कोरियातल्या ऑलिंपिकला तिने पुन्हा कांस्य जिंकलं. वय ४४. २०२२ मध्ये तिला टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तिथे पोहोचलेली ती युरोपातली पहिली महिला.

एवढं असूनही फिनलंडच्या महिला लीगमध्ये बहुतेक खेळाडू नोकरी नाहीतर शिक्षण सांभाळूनच खेळत आल्या आहेत. पुरुष खेळाडू लाखोंत कमावतात, बायका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सरावाला जातात.

म्हणजे बर्फ असो की लाल माती, बाईच्या खेळाचा प्रश्न एकच. मॅच नसताना घरखर्च कोण देणार? भारताने त्याला जे उत्तर काढलं, ते सरकारी नोकरीचं. उत्तर परिपूर्ण नव्हतं, पण चाळीस वर्षं चाललं.

बीसीसीआयच्या खुर्चीत

२००६ मध्ये महिलांची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. या विलीनीकरणाच्या वेळी संघटनेच्या सचिव होत्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी. म्हणजे १९७६ च्या टीममधल्या पोरी आता कारभारात उतरल्या होत्या.

डायना यांची वेळ आली ती ३० जानेवारी २०१७ ला. बीसीसीआयचा कारभार बघण्यासाठी सुप्रीम कोर्टाने प्रशासकांची समिती नेमली. विनोद राय, रामचंद्र गुहा, विक्रम लिमये आणि डायना एडुल्जी. गुहा आणि लिमये पुढे बाहेर पडले, डायना शेवटपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर २०१९ पर्यंत राहिल्या. ज्या बोर्डाच्या दारात महिला क्रिकेटला तीस वर्षं जागा नव्हती, त्याच बोर्डाच्या सगळ्यात वरच्या खुर्च्यांपैकी एकीवर आता त्या होत्या.

हा काळ वादाशिवाय गेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये वर्ल्ड टी-ट्वेंटीच्या सेमीफायनलला मिताली राजला टीमबाहेर ठेवलं आणि भारत हरला. मितालीने बीसीसीआयला पत्र लिहिलं. त्यात तिने कोच रमेश पोवार यांच्यासोबत डायना यांच्यावरही पक्षपाताचा आरोप केला. टीम निवडणं हा कोच आणि कॅप्टनचा अधिकार आहे, अशी डायना यांची भूमिका होती. पोवार यांनाच कोच ठेवावं, असंही त्यांचं मत होतं, पण शेवटी डब्ल्यू. व्ही. रमण यांची नेमणूक झाली. डायना यांनी त्यालाही उघड विरोध केला.

गंमत बघा, मिताली स्वतः रेल्वेची खेळाडू. ज्या पद्धतीमुळे तिची कारकीर्द उभी राहिली, ती घडवणाऱ्या बाईशीच तिचा संघर्ष झाला. दोघींपैकी कोण बरोबर यावर आजही क्रिकेटवाले वाद घालतात.

मान मिळाला, पण उशिरा

१९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार, २००२ मध्ये पद्मश्री. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. त्याच वेळी वीरेंद्र सेहवाग आणि श्रीलंकेचा अरविंदा डिसिल्व्हा यांनाही हा मान मिळाला. तिथे पोहोचलेल्या डायना या पहिल्या भारतीय महिला क्रिकेटपटू. शेवटचा सामना खेळल्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. आयसीसीने त्यांच्या विकेट्ससोबतच रेल्वेत खेळाडूंच्या भरतीचं धोरण घडवण्याच्या कामाचाही खास उल्लेख केला.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या भारतीय महिलेला हा मान मिळाला, नीतू डेव्हिड. तीही डावखुरी स्पिनर. आणि तीही रेल्वेकडून खेळलेली.

आता नोकरीची गरज संपली का?

ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने महिला आणि पुरुषांची मॅच फी सारखी केली. कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ मध्ये वुमन्स प्रीमियर लीग सुरू झाली आणि पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. मग आता रेल्वेच्या नोकरीचं काय काम, असं वाटू शकतं.

पण आकडे नीट बघा. भारताच्या टीममध्ये एका वेळी पंधरा-सोळा जणी असतात. लीगच्या पाच टीममध्ये मिळून भारतीय मुली साधारण साठ. देशभरात राज्याच्या टीमकडून खेळणाऱ्या मुली यापेक्षा कितीतरी जास्त आणि त्यांच्यामागे ज्युनियर खेळणाऱ्या हजारो. त्यांचा घरखर्च कोट्यवधींच्या बोलीतून चालत नाही. त्यांच्यासाठी खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा आजही तितकीच महत्त्वाची आहे. क्रिकेट नसेल, कबड्डी, खो-खो, हॉकी, ॲथलेटिक्स असेल, तर अजूनच जास्त.

आपल्या भागातून ही वाट आणखी लांब आहे. पालघरचा शार्दूल ठाकूर लोकल पकडून मुंबईला सरावाला जायचा, हे आपण अभिमानाने सांगतो. डहाणू रोडपर्यंत चर्चगेटची लोकल आली तीच २०१३ मध्ये. बोईसरहून चर्चगेट शंभर किलोमीटरच्या आसपास आणि मुंबईची मोठी मैदानं चर्चगेटच्या बाजूलाच. पहाटेची गाडी, खांद्यावर किट, संध्याकाळी परत तीच गर्दी. मुलासाठी घरचे हे सहन करतात. मुलीसाठी करायचं तर त्यांना शेवटी काय मिळणार, हे दिसावं लागतं.

अशा घरांसाठी दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. रेल्वेची खेळाडूंची भरती वेगवेगळ्या विभागांच्या अधिकृत वेबसाइटवर जाहिरात देऊन होते. त्यात खेळातली कामगिरी आणि प्रत्यक्ष ट्रायल बघितली जाते, वयाची अट किमान १८ वर्षं असते. राज्य, विद्यापीठ आणि राष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं हाच इथला खरा पुरावा, म्हणून शाळेपासूनची प्रमाणपत्रं जपून ठेवायला हवीत. आणि पैसे घेऊन "कोट्यातून लावून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहायचं.

जागा कमी असतात, स्पर्धा जास्त असते. सगळ्यांना ती मिळत नाही, हेही खरं.

पण डायना एडुल्जी यांनी रेल्वेत महिला क्रिकेटपटूंसाठी आग्रह धरला, तेव्हा ती वाटच नव्हती. आज ती आहे. वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमचे फोटो सगळ्यांनी शेअर केले. त्या फोटोत नसलेल्या, अजून टीमपर्यंत न पोहोचलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला महिन्याच्या एक तारखेला पगार कोण देतं, यावरच पुढच्या वर्ल्ड कपची टीम ठरते.